छोट्या मोटरसायकलची डोंगरवाट

१९६० च्या सुमारास अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या बॉइझी शहरात हर्ब यूल नावाचा एक होंडा विक्रेता होता. शहरातल्या रस्त्यांसाठी बनलेली ५० सीसीची सुपर कब तो डोंगरात शिकारीला आणि मासेमारीला जाणाऱ्या गिऱ्हाइकांना विकू लागला. त्यासाठी त्याने गाडीत मुख्यतः दोन बदल केले. मागचे स्प्रॉकेट मोठे बसवले आणि खोल गाठींचे टायर चढवले. लॉस एंजलीसमधल्या विक्रेत्यांपेक्षा हा आडगावचा दुकानदार जास्त कब कसा विकतो, असा प्रश्न अमेरिकन होंडाच्या अधिकाऱ्यांना पडला आणि १९६१ मध्ये कंपनीने स्वतःच ‘ट्रेल ५०’ बाजारात आणली. तिच्याच वंशातल्या सीटी ११० वर बसून ऑस्ट्रेलियाच्या टपाल खात्याने पुढे कित्येक वर्षे टपाल वाटले आणि तिथल्या शेतकऱ्यांनी कुरणे पालथी घातली. आज सह्याद्रीच्या कच्च्या वाटांवर छोटी मोटरसायकल नेऊ पाहणाऱ्याला पडणाऱ्या बहुतेक प्रश्नांचे उत्तर या हकिगतीत आहे. गाडी हलकी असू द्यावी, जमिनीला टेकणारा भाग बदलावा आणि इंजिनाची ताकद संथ गतीत वापरता येईल अशी सोय करावी. बाकीच्या गोष्टी यानंतर येतात, आणि त्यांतल्या बऱ्याच लागतही नाहीत. आपल्याकडे ‘ऑफ-रोड तयारी’च्या नावाखाली जे विकले जाते, त्याची दिशा मात्र बहुतेक वेळा याच्या उलट असते. लोखंडी लेगगार्ड, पॅनिअरची चौकट, टॉपबॉक्स, जादा दिवे आणि मोठा सायलेन्सर एवढे चढवल्यावर गाडी छायाचित्रात दणकट दिसते आणि पहिल्याच दगडी चढावर जड जाते.

वजनाचा मुद्दा भारतीय बाजारातल्या आकड्यांवरूनच तपासता येतो. हीरोने २०११ मध्ये १५० सीसी वर्गातली इम्पल्स आणली. ब्राझीलमधल्या होंडा एनएक्सआर १५० ब्रॉसवर आधारलेल्या या गाडीचे वजन १३४ किलो होते. ती खपली नाही आणि काही वर्षांनी बंद झाली. २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली. पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची तारांची चाके, पुढे १९० आणि मागे १७० मिलिमीटरचे सस्पेन्शन, २२० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स आणि वजन साधारण १५४ किलो. लाखभर रुपयांच्या घरात एवढे सगळे देणारी दुसरी गाडी तेव्हा भारतात नव्हती. चार व्हॉल्व्हची आवृत्ती आली तेव्हा वजन १५८ च्या घरात गेले आणि २०२५ मधली एक्सपल्स २१० त्याहूनही जड झाली. या काळात ताकद वाढली, महामार्गावरचा वेग वाढला, उपकरणे सुधारली, पण गाडी पडल्यावर ती एकट्याने उचलायची असेल तर प्रत्येक नव्या आवृत्तीने काम थोडे कठीणच केले. रॉयल एनफील्डची हिमालयन तर २०० किलोच्या आसपासची आहे. ती प्रवासाची उत्तम गाडी आहे, तिच्यावरून स्पितीला जाता येते, पण अरुंद घाटवाटेवर वळण चुकले तर ती मागे ओढून वळवायला दोन माणसे लागतात. जपानमध्ये यामाहाची सेरो १९८५ पासून २०२० पर्यंत टिकली ती नेमक्या याच विचारावर. ताकद बेताची, सीट बुटकी, हँडल भरपूर वळणारे आणि दोन्ही पाय जमिनीला टेकवत दगडांतून गाडी पुढे काढता यावी अशी रचना. भारतात २०२४ च्या अखेरीस आलेली कावासाकी केएलएक्स २३० सुमारे १३९ किलोची आहे, म्हणजे हलकी गाडी बनवता येतच नाही अशातला भाग नाही. मागणी करणाऱ्याने आधी वजन विचारले पाहिजे, घोडाशक्ती त्यानंतर.

जड गाडी स्थिर असते, वाऱ्याने आणि खडीने हलत नाही, हा यावरचा जुना आक्षेप. ताशी ८० च्या वेगात तो बराचसा खरा आहे. डोंगरातल्या वाटेवर मात्र वेग ताशी १० ते २५ चा असतो आणि तिथे स्थैर्य गाडीच्या वजनातून येत नाही, चालवणाऱ्याच्या हालचालीतून येते. तो उभा राहतो, अंग पुढे-मागे, डावी-उजवीकडे टाकतो आणि स्वतःच्या ६०-७० किलोने गाडीचा तोल बदलतो. गाडी १२० किलोची असेल तर हे ६०-७० किलो एकूण वजनाचा मोठा वाटा असतात. सामानासह ती २२० किलोची झाली की अंग टाकून काही बदलत नाही, गाडी जाईल तिकडे माणूस जातो. उतारावर हीच गोष्ट आणखी टोकदार होते. सुट्या मुरुमावर पुढच्या टायरला जेवढी पकड मिळते तेवढ्यातच पूर्ण वजन थांबवायचे असते, आणि वजन जितके जास्त तितके घसरल्यावर ते सावरणे कठीण. शिवाय घसरून गाडी पडते तेव्हा हँडल, पेडल आणि घोटा यांवर येणारा भारही वजनाच्याच प्रमाणात असतो. हलकी गाडी पडते तेव्हा बहुधा ओरखडे येतात आणि आरसा हलतो. जड गाडीचे तसेच पडणे क्लचचा लिव्हर मोडते, कधी पायही.

या तर्काची आणखी एक कसोटी आपल्या गावागावांत रोज लागते आहे. मावळात किंवा कोल्हापूरच्या पश्चिम पट्ट्यात दुधाचे कॅन टांगून डोंगरउतारावरून येणारी गाडी बहुतेक वेळा १०० सीसीची असते. स्प्लेंडरचे वजन सुमारे ११२ किलो आणि ताकद जेमतेम आठ घोड्यांची. ‘ऑफ-रोड’ हा शब्दही न ऐकलेले लोक ती अशा वाटांवर नेतात जिथे शहरातून आलेली दोन-तीन लाखांची गाडी अडखळते. यात सवयीचा आणि ओळखीच्या वाटेचा भाग मोठा आहे, हे मान्य करावे लागेल. पण स्प्लेंडर नेमकी कुठे अडते, हे पाहण्यासारखे आहे. तिचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिलिमीटरच्या आसपास आहे, सस्पेन्शनची हालचाल थोडी आहे आणि टायर डांबरासाठी बनलेले आहेत. म्हणजे ती ताकदीअभावी थांबत नाही. इंजिनाचे पोट दगडाला टेकते किंवा मागचे चाक फिरूनही पकड घेत नाही, म्हणून थांबते. तयारीवरचा पहिला पैसा कुठे जायला हवा, ते इथे स्पष्ट दिसते.

तो जावा टायरवर. डांबरी टायर आणि गाठीदार, म्हणजे नॉबी, टायर यांतला फरक इतका मोठा आहे की त्यापुढे इंजिनावरची बहुतेक कामे किरकोळ वाटतात. मात्र महाराष्ट्रात जमीन एकाच प्रकारची नाही, आणि टायर निवडताना याचा विचार फार कमी होतो. सह्याद्रीचा बेसॉल्ट कठीण आणि धारेचा. तिथे मऊ, उंच गाठी लवकर फाटतात आणि टायर दगडावर आपटून ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटते. कोकणातला जांभा कोरडा असताना खरखरीत पकड देतो आणि पावसात शेवाळ धरल्यावर काचेसारखा होतो. तिथे गाठींची उंची कामाची नाही, मऊ रबर आणि टायरमधली कमी हवा कामाची. देशावरची आणि विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती ओली झाली की गाठींच्या मधल्या खाचा लिंपून टाकते. त्यासाठी गाठी एकमेकींपासून लांब हव्यात, म्हणजे चाक फिरताना माती फेकली जाते. याच मातीत चाकाला लगटून बसवलेले पुढचे मडगार्ड मोठी अडचण करते. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल ठासत जातो आणि शेवटी पुढचे चाक फिरायचेच बंद होते. ट्रेल गाड्यांचे मडगार्ड वर, हँडलजवळ का असते याचे हे साधे कारण. पावसाळ्यात काळ्या मातीत जायचे असेल तर उंच मडगार्ड ही शोभा राहत नाही, गरज होते.

टायर बदलण्याआधी करता येणारी गोष्ट म्हणजे हवा कमी करणे. ती जवळजवळ फुकट आहे आणि सर्वात दुर्लक्षितही. रस्त्यावर साधारण २५ ते ३० पीएसआय हवा ठेवतात. कच्च्या वाटेवर ती १६ ते २० पर्यंत उतरवली की टायर दगडावर दबतो, जमिनीला टेकणारा भाग वाढतो आणि गाडी टणाटण उडायची थांबते. याचा धोकाही खरा आहे. ट्यूबच्या टायरमध्ये हवा फार कमी झाली तर ट्यूब चिमटून एकाच वेळी दोन भोके पडतात, किंवा जोरात चढताना टायर रिमवर सरकून व्हॉल्व्ह उपटला जातो. म्हणून धारदार बेसॉल्टवर हवा जरा जास्त ठेवायची, जाड ट्यूब वापरायची आणि सोबत छोटा पंप, टायर लिव्हर, पंक्चरचे सामान ठेवायचे. ट्यूबलेस का नको, असे हमखास विचारले जाते. तारांच्या चाकाला बहुतेक वेळा ट्यूबच लागते, आणि तारांचे चाक दगडावर आपटल्यावर तडकत नाही, थोडे वाकते आणि पुन्हा सरळ करता येते. डोंगरात हा गुण जास्त मोलाचा. २१ आणि १८ इंची चाके असतील तर सोबत फक्त २१ इंची ट्यूब ठेवली तरी चालते. अडचणीत ती मागच्या चाकात बसवून घर गाठता येते.

दुसरा खर्च स्प्रॉकेटचा, आणि तो इतका लहान आहे की पुढे ढकलायला कारण उरत नाही. समजा पुढे १३ आणि मागे ३९ दात आहेत, म्हणजे गुणोत्तर तीन. पुढचा एकच दात कमी केला तर ते ३.२५ होते. जवळजवळ तेवढाच परिणाम साधायला मागचे दात ४२ करावे लागतात. पुढचे छोटे स्प्रॉकेट स्वस्त आहे, अर्ध्या तासात बदलता येते, जुनी चेनही बहुधा चालून जाते. पहिल्या गिअरमध्ये गाडी आणखी सावकाश आणि न बंद पडता चालते, क्लच सतत अर्धवट दाबून ठेवावा लागत नाही, म्हणून तो जळतही नाही. तोटा म्हणजे त्याच वेगाला इंजिन सुमारे आठ टक्के जास्त फिरते आणि छोट्या दातचक्राभोवती चेन जास्त वाकल्याने लवकर झिजते. यूलने मागे मोठे स्प्रॉकेट लावले आणि होंडाने पुढे ट्रेल ९० मध्ये एका लिव्हरने गिअरचा संपूर्ण संच खाली आणण्याची सोय केली, ती याच गरजेपोटी. मोकळा सायलेन्सर, खास एअर फिल्टर यांनी मुख्यतः वरच्या फेऱ्यांवर ताकद मिळते. वाटेवर मात्र गाडी बंद पडते ती खालच्या फेऱ्यांवर. त्यात मोकळ्या सायलेन्सरचा आवाज डोंगरात दूरवर जातो आणि गावकरी पुढच्या गाडीला वाट नाकारतात, हा तोटा वेगळाच.

संरक्षणाच्या बाबतीत आक्षेप सर्वात वजनदार आहे. दगडावर गाडी पडणारच, मग लेगगार्ड नको कसा? इथे गार्ड कशासाठी आहे ते पाहिले पाहिजे. रस्त्यावर वेगात पडलेली गाडी घसरत जाते, तेव्हा रुंद लोखंडी लेगगार्ड टाकी आणि पाय वाचवतो. वाटेवर गाडी जवळजवळ उभ्याउभ्याच आडवी होते. तिथे रुंद गार्ड दगडांत, मुळांत, कारवीच्या काटक्यांत अडकतो, अरुंद खाचेत गाडीला आडवे करतो आणि काही वेळा गार्ड व जमीन यांच्यामध्ये पाय सापडतो. इंजिनाला चिकटून असलेली बारीक नळीची चौकट तेवढेच काम कमी वजनात करते. खरी गरज आहे ती इंजिनाखाली अ‍ॅल्युमिनियमच्या बॅश प्लेटची, कारण क्रँककेसला एक भोक पडले की सगळे तेल डोंगरात आणि गाडी खांद्यावर. हातांसाठी दोन्ही टोकांना पक्के बसणारे हँडगार्ड, तेही आतून धातूचे. नुसत्या प्लॅस्टिकचे गार्ड वारा अडवतात, लिव्हर वाचवत नाहीत. लिव्हरच्या क्लॅम्पचे बोल्ट किंचित सैल ठेवले तर पडल्यावर लिव्हर मोडण्याऐवजी फिरतो. याला पैसा लागत नाही, पाना लागतो. दुमडणारे गिअर पेडल आणि जास्तीची क्लच केबल एवढे झाले की संरक्षणाचा विषय बहुतांशी संपतो.

सस्पेन्शन आणि बसण्याची, खरे तर उभे राहण्याची, मांडणी यांबद्दल थोडक्यात एवढेच की कंपनीने दिलेले नीट लावून घेतले तरी खूप मिळते. मागचा शॉक स्वार बसल्यावर एकूण हालचालीच्या साधारण एक-तृतीयांश दबावा, हा जुना नियम. हँडल उभे राहिल्यावर हाताशी यावे, पायदाने रुंद आणि दातेरी असावीत. हीरोने एक्सपल्ससाठी दिलेल्या रॅली किटमध्ये पुढे २५० आणि मागे २२० मिलिमीटरचे सस्पेन्शन मिळाले. त्याने गाडी खरोखर बदलते, पण सीटही तेवढीच वर जाते. साडेपाच फूट उंचीच्या स्वाराला दगडात पाय टेकता येत नसेल तर जास्तीची हालचाल त्याच्या उपयोगाची नाही. आधी वजन उतरवावे, मग हवे असेल तर उंची वाढवावी.

मुंबई-पुण्याकडच्या वाचकाचा आक्षेप वेगळा असतो. वाट सुरू होण्याआधी शंभर किलोमीटर महामार्ग आहे, तिथे दीडशे सीसीची, दात कमी केलेली, गाठीदार टायरची गाडी थकवते. हा त्रास खरा आहे. नॉबी टायर ओल्या डांबरावर उशिरा थांबतो, लवकर झिजतो, वाजतो. पण यावर मोठी गाडी घेणे म्हणजे प्रवासाच्या सोप्या भागासाठी अवघड भाग महाग करणे. जुन्या घाटरस्त्यांनी ताशी ६० च्या वेगाने जाणे, सकाळी लवकर निघणे, दोघा-तिघांनी मिळून पिकअप करणे, डांबरावर चालेल आणि मुरुमावरही धरेल असा मधला टायर निवडणे, हे मार्ग स्वस्त आणि सुरक्षित आहेत. एबीएसचाही, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचाही, इथेच विचार करावा. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१८-१९ पासून तो सक्तीचा आहे आणि डांबरावर तो जीव वाचवतो. सुट्या मुरुमाच्या उतारावर मात्र मागचे चाक अडकून त्याच्यापुढे खडीची रास जमणेच थांबायला मदत करते, तिथे मागचा एबीएस गाडी पुढे सोडत राहतो. म्हणून मागच्या चाकाचा एबीएस कच्च्या वाटेवर बंद करता येतो का, हे गाडी घेतानाच पाहावे. आणि गाडीवर खर्च करण्याआधी अंगावर करावा. पूर्ण चेहऱ्याचे हेल्मेट, गुडघ्यांची कवचे आणि घोट्यावरून जाणारे ताठ बूट. कमी वेगात पडणाऱ्या गाडीखाली सापडतो तो घोटा, आणि बॅश प्लेटच्या किमतीतला साधा बूटही चपलेपेक्षा कित्येक पटींनी बरा.

गाडी कायद्याच्या चौकटीत राहावी, हाही तयारीचाच भाग आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे कंपनीच्या मूळ तपशिलापासून दूर नेणारे बदल करता येत नाहीत. आरसे, दिवे, नंबर प्लेट काढून सार्वजनिक रस्त्यावर येणे हा गुन्हाच. त्यामुळे हलकेपणाचा अर्थ गाडी सोलणे असा नाही. जादा चढवलेले उतरवणे आणि परत बसवता येईल असेच बदलणे, एवढाच आहे.

राहिला प्रश्न वाटेचा, आणि हलक्या गाडीच्या बाजूने बोलणाऱ्याने तो टाळता कामा नये. जितकी गाडी हलकी आणि सक्षम, तितकी ती नको तिथे पोहोचते. अमेरिकेत छोट्या ट्रेल गाड्यांची लाट आल्यावर सार्वजनिक जमिनींचे इतके नुकसान झाले की १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन यांना अशा वाहनांवर मर्यादा घालणारा आदेश काढावा लागला. आपल्याकडे धोका जास्त आहे, कारण जागा कमी आणि नाजूक. कासचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत आले. कोकण आणि घाटमाथ्यावरच्या अशाच जांभ्या सड्यांवर मातीचा थर काही सेंटिमीटरचाच असतो आणि पावसाळ्यात त्यावरच सगळी फुले आणि गवत उगवते. एका टायरची खाच तिथे पुढच्या पावसात पाण्याचा ओघळ बनते. भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, कोयना, राधानगरी ही अभयारण्ये आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिथे परवानगीशिवाय शिरता येत नाही आणि राखीव वनातही १९२७ चा वन कायदा आडवा येतो, तो बरोबरच आहे. गड हे पायांनी चढायचे. त्यांच्या पायऱ्यांवर गाडी चढवून चित्रफिती टाकणाऱ्यांनी या छंदाचे जेवढे वाईट केले तेवढे कुणी केले नसेल.

मग जायचे कुठे? महाराष्ट्रात याचे उत्तर गावनकाशात आहे. गाडीवाटा आणि पाणंद रस्ते त्यावर तुटक दुहेरी रेषांनी दाखवलेले असतात, पायवाटा तुटक एकेरी रेषेने. पाणंद सार्वजनिक असते, बैलगाडीसाठी ठेवलेली असते, आणि छोट्या मोटरसायकलला लागते तेवढी खडबडीत ती बहुधा असतेच. पायवाट मात्र पायांचीच. शेताच्या बांधावरून जाण्याचा हक्क शेतकऱ्याला त्याच्या शेतात पोहोचण्यासाठी मिळतो, बाहेरून आलेल्या स्वाराला खेळण्यासाठी नाही, तेव्हा तिथे मालकाला विचारल्याखेरीज चाक घालू नये. मोटरसायकल क्लबांनी एखाद्या ग्रामपंचायतीशी बोलून दोन-तीन पाणंदी ठरवून घ्याव्यात, पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटा बंद ठेवाव्यात कारण तेव्हा पडलेली खोल चाकोरी वाळून वर्षभर बैलगाडीला छळते, आणि दिवाळीनंतर वाट बुजवायला मुरमाच्या दोन ट्रॉल्या स्वखर्चाने टाकाव्यात. एका लेगगार्डच्या आणि टॉपबॉक्सच्या पैशांत त्या येतात.